डावा खांदा कोण?

‘या वयात बायकांना होतंच,’ हे वाक्य परवा मी बाराशे रुपये मोजून विकत घेतलं. एरवी हे वाक्य आमच्या सोसायटीत फुकट मिळतं. लिफ्टमध्ये मिळतं, भाजीच्या गाडीपाशी मिळतं, चैत्रातल्या हळदीकुंकवाला तर पन्ह्याबरोबर मिळतं. पण एम. एस. ऑर्थो झालेल्या माणसाच्या तोंडून हवं असेल तर आधी फोन करून नंबर लावा, मग दोन तास बसा, आणि मग ते ऐका.

दुखणं साधंच. डावा खांदा आखडला होता. वेणी घालता येईना, ब्लाउजचा मागचा हूक लागेना, रात्री त्या कुशीवर वळलं की जीव कळवळायचा. नवरा म्हणाला, ‘दाखवून ये.’ पंचवीस वर्षं संसार केलेला माणूस ‘चल, दाखवून येऊ’ म्हणत नाही, ‘दाखवून ये’ म्हणतो, हा वेगळ्या लेखाचा विषय आहे.

दवाखाना चकाचक. भिंतीवर गुडघेबदलाची पोस्टरं, त्यावर सायकल चालवणारे पांढऱ्या केसांचे हसरे लोक. कोपऱ्यात प्लॅस्टिकचा मणका. आणि खुर्च्या बुटक्या. हाडांच्या दवाखान्यातल्या खुर्च्या नेहमी बुटक्या का असतात, हे मला आजवर कुणी सांगितलेलं नाही. ज्या माणसाचे गुडघे गेलेत त्यालाच नेमकं जमिनीपासून एका विताच्या अंतरावर बसवायचं, आणि नंबर आला की ‘उठा, उठा, लवकर’ करायचं.

आधी एका मुलीने ब्लडप्रेशर घेतलं. घरच्या मशीनवर येतं त्यापेक्षा चांगलंच जास्त आलं. तिने ते कागदावर लिहिलं, कागदावर स्टिकर लावलं, स्टिकरवर ‘लेफ्ट शोल्डर’. त्या क्षणापासून माझं नाव संपलं. मावशी दारात येऊन ‘उजवा गुडघा कोण?’, ‘कंबर आहे का कंबर?’ असं पुकारत होत्या आणि माणसं निमूट उठत होती. एक गृहस्थ ‘मी कंबर’ म्हणाले तेव्हा कुणाला हसूसुद्धा आलं नाही.

माझ्या शेजारी एक काका होते. पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं, मांडीवर फाईल. डॉक्टरांच्या केबिनचं दार उघडलं की ते मनगटावरच्या घड्याळात बघायचे आणि फाईलच्या मागच्या पानावर काहीतरी टिपायचे. पलीकडे काकू. त्यांच्या गुडघ्याला तपकिरी पट्टा.

‘तुमचा नंबर?’ काकांनी विचारलं.

‘एकोणीस.’

‘आणि काय?’

‘खांदा.’

‘मग लवकर सुटाल. खांद्याला तीन मिनिटं. मणक्याला चार. गुडघ्याचं ऑपरेशन ठरत असेल तर मात्र अकरापर्यंत जातं.’ आवाज खाली आणून म्हणाले, ‘पॅकेज समजावायला वेळ लागतो.’

मी पानाकडे डोकावले. रकाने आखलेले होते. नंबर, अवयव, आत, बाहेर, शेरा. शेऱ्यात ‘फोन’, ‘रडल्या’, ‘फाईल विसरले, परत गेले’ असं बारीक अक्षरात.

‘एसटीत होतो,’ काका म्हणाले. ‘वाहतूक नियंत्रक. स्वारगेटला बरीच वर्षं काढली. गाडी आली, नोंद. गाडी गेली, नोंद. हात आपोआप चालतो.’

‘डॉक्टर चांगले आहेत ना हो?’

‘हात चांगला आहे,’ काका म्हणाले. ‘कान नाही.’

मग ते खुर्चीत माझ्याकडे वळले आणि इंटरव्ह्यू घेणाऱ्याच्या आवाजात म्हणाले, ‘तुमचं वाक्य काय?’

‘कसलं वाक्य?’

‘आत एकच वाक्य मिळतं. दुसऱ्याला डॉक्टर लिहायला लागतात. म्हणून वाक्य बाहेर बांधून न्यायचं. म्हणा बघू.’

मी म्हटलं, ‘गणपतीच्या आधी मी माळ्यावरून मखर काढत होते, तेव्हा—’

‘माळा कट.’

‘पण काका, सुरुवातच तिथून—’

‘माळा म्हटलं की ते म्हणणार, कशाला चढलात. झालं, तुमचं वाक्य गेलं. मखर कट. गणपती कट. परत.’

‘डावा खांदा दुखतो...’

‘दुखतो सगळ्यांनाच. न दुखता कोण येतंय? काय होत नाही ते सांगा.’

‘वेणी घालता येत नाही.’

‘वेणी नको. “हात मागे जात नाही.” वेणी म्हटलं की ते म्हणतील केस कापा. माझ्या समोर म्हणालेत एकीला.’

एव्हाना आजूबाजूचे लोक सामील झाले होते. प्लॅस्टरमधला तरुण म्हणाला, ‘रात्रीचं घाला काकू. रात्री दुखतं म्हटलं की मान वर करतात.’ समोरच्या बाई म्हणाल्या, ‘आणि नेटवर वाचलं म्हणू नका हं. मागच्या वेळी आमच्या जावयांना म्हणाले, मग औषधही नेटकडूनच घ्या.’ मला वाक्य देण्यासाठी एवढे अनोळखी लोक झटत होते की मला भरून आलं. शेवटी काकांनी पक्कं केलं: ‘डावा खांदा, तीन महिने, हात मागे आणि वर जात नाही, रात्री जास्त.’ त्यांनी ते माझ्याकडून घोकून घेतलं. ‘तीन महिने’वर मी अडखळत होते, कारण नक्की केव्हापासून हे मला मखराशिवाय आठवेना.

‘हिचं तयार आहे,’ काका काकूंकडे बोट करून म्हणाले. ‘म्हण गं.’

काकूंनी तोंड उघडलं. ‘त्याचं काय झालं, नातवाला शाळेत सोडायला जाताना—’

‘नातू कट,’ काका म्हणाले. ‘उजवा गुडघा, जिना उतरताना, सकाळी ताठतो. किती वेळा सांगितलं हिला.’

काकूंनी तोंड मिटलं आणि माझ्याकडे बघून डोळे मोठे केले. त्या नातवाचं पुढे काय झालं हे मला अजून कळलेलं नाही.

तेवढ्यात टाय लावलेला, काळी बॅग घेतलेला औषध कंपनीचा एक एमआर आला आणि नंबरबिंबर न लावता आत गेला. थोड्या वेळाने आतून हसण्याचा आवाज आला. खळखळून, मोकळं हसू. आम्ही सगळे अवयव दाराकडे बघत राहिलो. ‘हसतात,’ काका म्हणाले, ‘पण पेशंटच्या टायमिंगमध्ये नाही.’ आणि एमआर बाहेर पडल्यावर त्यांनी नोंद केली: चौदा मिनिटं, शेरा ‘माल’.

‘डावा खांदा कोण?’

मी उठले. मागून काका म्हणाले, ‘वाक्य!’

डॉक्टर संगणकाकडे बघत होते. मी बसले, माझं वाक्य म्हणायला घेतलं, ‘डावा खांदा, तीन महि—’ आणि डॉक्टर म्हणाले, ‘उभ्या राहा.’ घोकलेल्या वाक्याचे जेमतेम चार शब्द वापरले गेले. त्यांनी माझं मनगट धरलं आणि हात बाजूने वर न्यायला सुरुवात केली. खांद्याच्या पातळीपर्यंत आला आणि त्यांचा फोन वाजला. फोन त्यांनी डाव्या हातात घेतला. उजव्या हातात मी होतेच.

‘हां, बोला. लागलं का?’

पानशेतकडे त्यांचा प्लॉट आहे आणि तिथे बोअर चालू आहे, एवढं मला पहिल्या अर्ध्या मिनिटात समजलं.

‘किती झालं? दोनशे ऐंशी?’ माझा हात दोन बोटं वर गेला. ‘काहीच नाही?’ आणखी वर. मी ‘आई गं’ म्हटलं. ‘एक मिनिट हं,’ डॉक्टर म्हणाले. मला म्हणाले की बोअरवाल्याला, कोण जाणे.

मग त्यांनी जे बोलायला सुरुवात केली ते मी जन्मात विसरणार नाही.

‘असं करा, घाई करू नका, मला सुरुवातीपासून नीट सांगा. ओल आधी कधी दिसली होती? ... बरं. माती कोरडी येतेय की दमट? ... आवाज बदलला का मध्ये? ... पाणाड्याने काय सांगितलं होतं, आधी दुसरीकडे कुठे बघितलं होतं का? ... अच्छा, अच्छा. नाही नाही, घाबरण्यासारखं काही नाही. अजून पन्नास फूट बघू. नाहीच लागलं तर जागा बदलू. होतं असं कधीकधी. तुम्ही काळजी करू नका, मी आहे.’

मी आहे! एका भोकाला ते ‘मी आहे’ म्हणाले. माझा हात छताकडे आणि डोळ्यात पाणी, आणि त्या पानशेतच्या जमिनीची केस हिस्ट्री इतक्या मायेने घेतली जात होती की वेदना बाजूला ठेवून मला तिचा हेवा वाटला.

फोन ठेवून त्यांनी हात सोडला, कोपर कमरेला चिकटवून तळहात बाहेर वळवून बघितला, वळला नाही. ‘फ्रोजन,’ ते संगणकाला म्हणाले. ‘या वयात बायकांना होतंच. शुगर करून घ्या. फिजिओ. गोळी पाच दिवस.’ मी विचारलं, ‘पण डॉक्टर, कशामुळे—’ ते म्हणाले, ‘पुढचा पाठवा.’ हे मावशींना.

बाहेर आल्यावर काकांनी घड्याळ बघितलं. ‘चार मिनिटं. वा! फोन होता का?’

‘होता.’

‘मग वजा करावा लागेल,’ आणि त्यांनी शेऱ्यात निव्वळ दीड मिनिट लिहिलं.

रात्री झोप नव्हतीच. एमबीबीएसच्या तिसऱ्या वर्षाला असलेल्या भाचीला फोन केला. तिने ऐकून घेतलं (शिकतेय अजून, म्हणून ऐकून घेते) आणि मग मला एकेक दुवे पाठवायला लागली. पहाटेपर्यंत मी खांद्याखाली उशी घेऊन वाचत होते.

१९८४ साली बेकमन आणि फ्रँकेल या दोघा अमेरिकनांनी डॉक्टर-पेशंटच्या ७४ भेटी ध्वनिमुद्रित करून तपासल्या. फक्त २३ टक्के भेटींत पेशंटला आपलं म्हणणं पूर्ण करता आलं. ६९ टक्के भेटींत डॉक्टरांनी सरासरी १८ सेकंदांत मध्येच तोडलं. स्वारगेटच्या काकांना हा अभ्यास कुणी दाखवायला हवा, त्यांनी निम्म्या खर्चात करून दिला असता. २०१७ साली ६७ देशांची आकडेवारी एकत्र करून साध्या डॉक्टरांच्या तपासणीला किती वेळ मिळतो ते काढलं गेलं. बांगलादेशात ४८ सेकंद, स्वीडनमध्ये साडेबावीस मिनिटं. आपण दोन मिनिटांच्या आसपास. साडेबावीस मिनिटं म्हणजे माळा, मखर, गणपती, माझी सासू आणि तिचा खांदा, सगळं आलं असतं, वर पाच मिनिटं उरली असती.

‘पण सगळ्यांना बोलू दिलं तर ओपीडी संपणारच नाही, मावशी,’ भाची म्हणाली. ‘सरकारी हॉस्पिटलमध्ये येऊन बघ. एकेक रेसिडेंट किती पेशंट बघतो ते. सलग ड्युटी करून त्याला स्वतःचं नाव आठवत नाही, तुझं कुठून आठवेल?’ हे खरंच आहे, आणि त्या पोरांबद्दल मी चकार शब्द काढणार नाही. पण पेशंट बोलायला लागला की थांबतच नाही हा जो समज आहे, त्यावरही तिनेच एक अभ्यास पाठवला होता. स्वित्झर्लंडमधल्या बाझल इथे डॉक्टरांना सांगितलं, मध्ये बोलायचं नाही, फक्त ऐका. ३३५ पेशंट. सरासरी ९२ सेकंदांत मंडळी आपणहून थांबली. दीड मिनिट! तेवढ्यात आमचे डॉक्टर फक्त दोनशे ऐंशी फुटांपर्यंत पोचले होते. आता स्विस माणसाकडे माळा आणि मखर नसतो हे मान्य करून आपण तीन मिनिटं धरू. एमआरला चौदा होती.

माझं वाढलेलं ब्लडप्रेशरही निघालं त्यात. १९८३ मध्ये इटलीतल्या संशोधकांनी पेशंटच्या धमनीत नळी ठेवून सतत दाब मोजला. डॉक्टर खाटेजवळ आले की दाब सरासरी पंचवीसहून जास्त अंकांनी चढायचा. पुढे डॉक्टरांऐवजी नर्सला पाठवलं, तर वाढ निम्म्यावर आली. मावशी ‘डावा खांदा कोण’ म्हणून पुकारतात तेव्हा किती चढतो हे कुणी मोजलेलं नाही.

गंमत म्हणून एवढं वाचेपर्यंत ठीक होतं. मग इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या थॉमस नावाच्या डॉक्टरांचा १९८७ चा लेख उघडला आणि माझा आवाज बदलला. त्यांनी काय केलं, तर ज्यांच्यात तपासून ठोस काहीच सापडत नव्हतं अशा २०० पेशंटांपैकी काहींना ‘अमुक झालंय, थोड्या दिवसांत बरं वाटेल’ असं ठामपणे सांगितलं, आणि काहींना ‘नक्की काय झालंय सांगता येत नाही’ एवढंच सांगितलं. दोन आठवड्यांनी पहिल्या गटातले ६४ टक्के लोक बरं वाटतंय म्हणाले, दुसऱ्यातले ३९. मधलं अंतर निव्वळ वाक्याचं. आणि ते वाक्य माझ्या डॉक्टरांना येत होतं हो! ‘काळजी करू नका, मी आहे.’ माझ्यासमोर उच्चारलं त्यांनी, चांगल्या स्वच्छ मराठीत. फक्त नंबर पानशेतचा लागला होता.

तसे गोड डॉक्टरही मी पाहिलेत. माझ्या आजोळचे डॉक्टर जीभ बघताना घरातल्या गाईम्हशींची चौकशी करायचे. लोक म्हणत, त्यांच्या पायऱ्या चढल्या की ताप उतरतो. माझी मोठी मावशी त्यांच्याकडून इंजेक्शन घेतल्याशिवाय उठायची नाही. नको म्हणाले तर ‘मग आले कशाला?’ विचारायची. आजोबांचा मधुमेह मात्र त्यांच्या लक्षात आला तो पायाची जखम चिघळल्यावर. आजोबा शेवटपर्यंत त्यांच्याबद्दल चांगलंच बोलत राहिले. इकडे या बोअरवाल्या डॉक्टरांनी माझ्याकडे न बघता निदान केलं आणि ते बरोबर आलं. चिडायलाही धड जागा नाही. शुगरसुद्धा हद्दीवर निघाली. मधुमेह असला की खांदा आखडायची शक्यता वाढते, हे त्यांना सांगता आलं असतं, एका वाक्यात. कॉडमन नावाच्या बॉस्टनच्या सर्जननी १९३४ साली या आजाराला ‘फ्रोजन शोल्डर’ म्हटलं आणि लिहून ठेवलं की याची व्याख्या करणं अवघड, उपचार अवघड आणि समजावून सांगणंही अवघड. आमच्या डॉक्टरांनी कॉडमनसाहेबांचा मान राखून प्रयत्नच केला नाही.

भाचीने सांगितलं की २०१९ पासून एमबीबीएसला वृत्ती, नीतिमत्ता आणि संवाद असा विषय सुरू झालाय. पेशंटशी कसं बोलायचं ते शिकवतात.

‘मग हे?’

‘ते आधीच्या बॅचचे, मावशी.’

म्हणजे ही नवी बॅच हाडांपर्यंत पोचून बाराशे रुपये फी घ्यायला लागेपर्यंत मी दुसरा खांदा जपून ठेवायचा. माझं मागणं काही फार नाही. बालाजीच्या रांगेतही ‘पुढे चला, पुढे चला’ करून माणसाला ढकलतातच. पण निदान मूर्तीचं तोंड आपल्याकडे असतं.

फिजिओथेरपीला जायला लागलेय. ती पोरगी भाचीपेक्षा दोन-तीन वर्षांनी मोठी असेल. खांदा अशी पिरगाळते की मी एकदा तिच्या आईवरून बोलले. पण पिरगाळण्याआधी सांगते, ‘काकू, आता दुखणार आहे हं, दहा म्हणेपर्यंत,’ आणि खरंच दहाला थांबते. आणि पहिल्याच दिवशी तिने मला सांगितलं की हे आपणहून सुटतं, पण वर्ष-दोन वर्षंही लागू शकतात, आधी दुखणं कमी होतं, मग हात सुटतो. वर्ष-दोन वर्षं ऐकून खरं तर मी रडायला हवं होतं. मी घरी जाताना भेळ घेतली.

काल दवाखान्यातून मोबाईलवर मेसेज आला. ‘आपल्या भेटीचा अनुभव कसा होता?’ खाली तारे, त्याखाली अभिप्रायाची चौकट. मी चष्मा लावून बसले आणि सगळं लिहायला घेतलं. बुटक्या खुर्च्या, स्टिकर, एमआर, छताकडे गेलेला हात, ‘या वयात बायकांना’. निम्म्यावर आले आणि अक्षरं उमटेनात. चौकटीखाली लाल अक्षरात आलं होतं: ‘मर्यादा शंभर अक्षरे.’ यांच्या चौकटीतही एकच वाक्य मिळतं.

माळा कट केला. मखर कट केलं. खुर्च्या, एमआर, सगळं पुसलं आणि लिहिलं, ‘पानशेतच्या बोअरला पाणी लागलं का? कळवावे.’